हास्याकडून करुणेकडे : दिग्दर्शक लिओ मॅकेरी

लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडगोळी आजही अनेकांच्या परिचयाची आहे. या दोघांना एकत्र आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हॉलिवूडचे दिग्दर्शक लिओ मॅकेरी मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

३ ऑक्टोबर रोजी लॉस एंजेलिस येथे एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील मुष्टियुद्धाच्या लढती भरवीत. लिओ यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु वकिलीत त्यांचा जम बसला नाही. ते चित्रपटसृष्टीकडे वळले आणि हॅल रोच यांच्या स्टुडिओत मूकविनोदपटांचे धडे त्यांनी गिरवले. मार्क्स बंधूंचा गाजलेला ‘डक सूप’ (१९३३) हा बोलपट त्यांनीच दिग्दर्शित केला.

१९३७ साली त्यांनी अगदी वेगळी वाट धरली. ‘मेक वे फॉर टुमॉरो’ या चित्रपटात घर गमावलेल्या वृद्ध दांपत्याची कथा आहे. मुले पाच, पण आईवडिलांना एकत्र सांभाळण्यास एकही पुढे येत नाही. आई मुलाकडे, वडील मुलीकडे अशी ताटातूट होते आणि अखेर रेल्वे स्थानकावर ती दोघे एकमेकांचा निरोप घेतात. शेवट सुखान्त करावा, असा पॅरामाउंट कंपनीचा आग्रह होता. मॅकेरी यांनी तो मानला नाही. चित्रपट चालला नाही आणि त्यांना कंपनी सोडावी लागली. त्याच वर्षीच्या ‘द ऑफुल ट्रूथ’ या विनोदी चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा हा मान चुकीच्या चित्रपटासाठी दिला गेल्याचे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवले. २०१० साली त्या उपेक्षित चित्रपटाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत समावेश झाला.

१९४४ च्या ‘गोइंग माय वे’ने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. न्यूयॉर्कमधील एका धर्मग्रामातील वयोवृद्ध धर्मगुरू आणि त्यांच्या मदतीला आलेले तरुण फादर ओमॅली यांची ही कथा. तिला ७ ऑस्कर पारितोषिके लाभली. पुढील वर्षी धर्मभगिनींच्या शाळेवरील ‘द बेल्स ऑफ सेंट मेरीज’ आला. १९५७ च्या ‘अ‍ॅन अफेअर टू रिमेंबर’वरून १९९९ साली हिंदीत ‘मन’ निघाला.

५ जुलै १९६९ रोजी मॅकेरी यांचे निधन झाले.

‘गोइंग माय वे’च्या अखेरीस, नाताळच्या पूर्वसंध्येला, वृद्ध धर्मगुरूंची आयर्लंडमधील नव्वदी ओलांडलेली आई त्यांना भेटते. कित्येक वर्षांनी मायलेक एकमेकांना मिठी मारतात. सात वर्षांपूर्वी ज्या दिग्दर्शकाने आईवडिलांची ताटातूट दाखवली होती, त्यानेच ही भेट घडवली. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला यांपैकी काय यावे, हे आपल्याच हाती आहे.