वाँग किम आर्क
वाँग किम आर्क हे सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले चिनी वंशाचे अमेरिकन आचारी होते. आईवडील परदेशी असले तरी अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल जन्मतःच त्या देशाचे नागरिक ठरते, हा सिद्धान्त त्यांच्या खटल्यातून १८९८ साली प्रस्थापित झाला.

पूर्वायुष्य
सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्यांचे जन्मवर्ष १८७३ दिले आहे. अन्य काही नोंदींत ते थोडे आधीचे आढळते. त्यांचे वडील सॅन फ्रान्सिस्कोमध्ये व्यापार करीत. पुढे आईवडील चीनला परतले. वाँग मात्र उपजीविकेसाठी अमेरिकेत राहिले आणि त्यांचे स्वतःचे कुटुंब ग्वांगडोंग प्रांतातील ताइशान भागात राहिले. त्यामुळे प्रत्येक भेटीसाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागे.

या काळात निर्बंध कडक होत गेले. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेशबंदी केली आणि चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व देण्यास न्यायालयांना मनाई केली. १८८८ च्या स्कॉट कायद्याने मायदेशी गेलेल्या मजुरांची परतीची प्रमाणपत्रेच रद्द ठरवली. १८९२ च्या गिअरी कायद्याने चिनी मजुरांना निवासाचा दाखला बाळगणे सक्तीचे केले.

खटला
१८९० साली चीनहून परतताना वाँग यांना नागरिक म्हणून प्रवेश मिळाला होता. १८९४ च्या नोव्हेंबरात निघताना त्यांनी आपल्या जन्माविषयी गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचे निवेदन करून ठेवले होते. तरीही ऑगस्ट १८९५ मध्ये ‘कॉप्टिक’ या आगबोटीने परतल्यावर जकात अधिकाऱ्याने त्यांना उतरू दिले नाही. पुढील काही महिने त्यांना किनाऱ्यालगतच्या बोटींवर स्थानबद्ध ठेवण्यात आले. ज्या शहरात त्यांचा जन्म झाला, ते समोर दिसत असतानाची ही कैद होती. चिनी रहिवाशांच्या ‘सिक्स कंपनीज’ या संघटनेच्या पाठबळावर बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करण्यात आला. जानेवारी १८९६ मध्ये न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी निकाल वाँग यांच्या बाजूने दिला. सरकारने त्याविरुद्ध अपील केले.

वाद १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील अधिकारक्षेत्राविषयीच्या शब्दांचा होता. आईवडील चिनी सम्राटाचे प्रजाजन, म्हणून मुलगाही त्याचाच प्रजाजन, असे सरकारचे म्हणणे होते. २८ मार्च १८९८ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ते फेटाळले. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी इंग्लिश सामान्य कायद्याचा आधार घेऊन परकीय राजदूतांची मुले आणि शत्रुसैन्याच्या ताब्यातील प्रदेशात शत्रूंना झालेली मुले यांसारखे मोजकेच अपवाद मान्य केले. सरन्यायाधीश मेल्व्हिल फुलर यांनी भिन्नमत नोंदवले. त्यांना जॉन मार्शल हार्लन यांनी साथ दिली. दोनच वर्षांपूर्वी कृष्णवर्णीयांच्या समतेसाठी एकट्याने भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती हेच, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

उत्तरायुष्य
निकालाने वाँग यांच्यामागचा संशय संपला नाही. १९०१ साली टेक्सासमधील एल पासो येथे त्यांना बेकायदा चिनी मजूर समजून अटक झाली. सुटकेसाठी त्यांना पुन्हा नागरिकत्व सिद्ध करावे लागले आणि त्यात कित्येक महिने गेले. १९१० साली थोरला मुलगा अमेरिकेत आला असता, तो वाँग यांचाच मुलगा असल्याचे अधिकाऱ्यांनी मान्य केले नाही व त्याला प्रवेश नाकारला. धाकट्या तीन मुलांना १९२० च्या दशकात प्रवेश मिळाला.

जुलै १९३१ मध्ये वाँग यांनी चीनला जाण्यापूर्वी परतीच्या हक्कासाठी नेहमीचा सरकारी अर्ज भरला. अमेरिकेत जन्मल्याचा दावा करणाऱ्या चिनी व्यक्तींसाठीचा तो छापील नमुना होता. निकालाला ३३ वर्षे होऊनही त्यांचा जन्म तेथे ‘कथित’च होता. त्या प्रवासातून ते अमेरिकेत परतले नाहीत. त्यांचे निधन चीनमध्येच झाले. चिनी बहिष्कार कायदा १९४३ साली रद्द झाला.