सॅक्सोफोन-वादक जॉन कोल्ट्रेन

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना संस्थानांत हॅम्लेट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १९२६ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २३ व्या तारखेस जॉन कोल्ट्रेन याचा जन्म झाला. घराणें कृष्णवर्णीय ख्रिस्ती धर्मोपदेशकांचें. आईचे वडील व वडिलांचे वडील दोघेहि पाळक होते. वडील शिंपीकाम करीत आणि फावल्या वेळीं व्हायोलिन वाजवीत. आई पियानो वाजवी व गाई. पुढें हें कुटुंब त्याच संस्थानांतील हाय पॉइंट या गांवीं आजोबांच्या घरीं राहावयास गेलें. लहानपणीं जॉनच्या कानांवर पडलें तें प्रार्थनामंदिरांतील गायन आणि आजोबांचें प्रवचन. त्याच्या पुढील वादनाचा विचार करतांना ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

जॉन बारा वर्षांचा असतां या घरावर कुऱ्हाड कोसळली. १९३८ च्या अखेरीपासून अवघ्या कांहीं महिन्यांत आजोबा, वडील व घरांतील आणखी वडीलधारीं माणसें एकामागून एक वारलीं. आईला पोटासाठीं दूर चाकरीस जावें लागलें. याच सुमारास गांवांतील एका पाळकानें मुलांचा बँड काढला होता, त्यांत जॉन सामील झाला. प्रथम क्लॅरिनेट व मग सॅक्सोफोन त्याच्या हातीं आला. पितळेची एक वांकडी नळी आणि तिच्या तोंडाशीं बसविलेली बोरूची पातळ पट्टी, एवढेंच हें वाद्य. परंतु त्या पोरक्या मुलानें तें जें धरलें तें मरेपर्यंत सोडलें नाहीं.

१९४३ सालीं तो फिलाडेल्फिया शहरीं आला. तेथें साखरेच्या कारखान्यांत मजुरी करून त्यानें संगीतशाळेंत नांव घातलें. दोन वर्षांनीं चार्ली पार्कर या वादकाचें सॅक्सोफोन-वादन त्यानें ऐकलें आणि तो भारून गेला. नंतर एक वर्ष आरमारांत काढून त्यानें पुनः शिक्षण चालू केलें. त्याच्या सरावाच्या गोष्टी त्याचे सोबती जन्मभर सांगत. कार्यक्रमाच्या मध्यंतरांत इतर मंडळी गप्पा मारीत बसत, तेव्हां हा एका कोपऱ्यांत जाऊन पलटे घोटीत असे. घरीं परतल्यावर वाद्य हातांत असतांनाच त्याला झोप लागे.

परंतु याच काळांत त्याला हेरॉइन या घातक द्रव्याचें व दारूचें व्यसन जडलें. १९५५ सालीं माइल्स डेव्हिस या विख्यात तुतारीवादकानें त्याला आपल्या ताफ्यांत घेतलें, हें केवढें भाग्य! पण वादक वेळेवर येत नाहीं, उभ्याउभ्या डुलक्या घेतो, असें पाहून १९५७ सालीं त्यानें त्याला काढून टाकलें. कोल्ट्रेन फिलाडेल्फियास आईच्या घरीं आला, खोलींत जाऊन पडला, आणि औषधोपचारावांचून त्यानें हेरॉइन सोडलें. या व्यसनांतून सुटतांना शरीराचे काय हाल होतात, तें वैद्यच जाणोत. या दिवसांत आपणांवर ईश्वराची कृपा झाली, अशी त्याची श्रद्धा होती, व हें त्यानें पुढें आपल्या एका तबकडीच्या वेष्टणावर स्वतःच लिहून ठेविलें.

यापुढील दहा वर्षें त्याच्या खऱ्या कर्तृत्वाचीं होत. जाझ संगीतांत एक ठरलेली चाल व तिच्या खालीं ठरलेला स्वरसंघांचा क्रम असतो. त्या चौकटींत प्रत्येक वादक आयत्या वेळीं सुचेल तें वाजवितो. १९५९ सालीं कोल्ट्रेननें जायंट स्टेप्स ही रचना मुद्रित केली. तिच्यांत हे स्वरसंघ इतक्या वेगानें बदलतात कीं, साथीच्या निष्णात पियानोवादकाची उडालेली तारांबळ त्या तबकडींत आजहि ऐकूं येते. नियमांचें बंधन इतकें कठीण करून त्यावर ज्यानें प्रभुत्व मिळविलें, त्यालाच पुढें तें बंधन अपुरें वाटूं लागलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९६० सालीं त्यानें स्वतःचा ताफा उभा केला. पियानोवर मॅकॉय टायनर व ड्रमवर एल्विन जोन्स हे त्यांत लवकरच स्थिर झाले. कांहीं काळानें खर्जाच्या वाद्यावर जिमी गॅरिसन आला. याच सुमारास कोल्ट्रेनला हिंदी रागसंगीताची ओढ लागली. एकाच षड्जाच्या आधारावर घटकाघटका राग फुलवितां येतो, ही कल्पना त्याला मोलाची वाटली. सतारवादक पंडित रविशंकर यांच्या तबकड्या तो ऐके. पुढें त्यांची त्याची भेटहि झाली. त्यानें आपल्या एका रचनेस इंडिया असें नांव दिलें. या दीर्घ आलापीवर १९६१ सालींच कांहीं टीकाकारांनीं तोंडसुख घेतलें व हें जाझच नव्हे, असा निकाल देऊन टाकला. 

१९६३ च्या सप्टेंबर महिन्यांत अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम शहरीं वर्णद्वेष्ट्यांनीं कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्यें बाँब ठेविला. रविवारचा दिवस होता. चार मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनीं कोल्ट्रेननें अलाबामा ही रचना वाजविली. तिच्यांत शब्द एकहि नाहीं. पण मृतांपाशीं उभा राहून कोणी पाळक हळूहळू बोलत आहे, असाच भास होतो. पुढच्या वर्षीं, ९ डिसेंबर रोजीं, त्यानें अ लव्ह सुप्रीम ही चार भागांची रचना एकाच दिवसांत मुद्रित केली. ती त्यानें ईश्वराला अर्पण केली आहे. तिच्या शेवटच्या भागांत त्यानें स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोन शब्दाशब्दानें म्हणतो. या तबकडीनें त्याला फार मोठी कीर्ति मिळवून दिली.

आतां येथें थांबावें, हेंच पुनःपुनः वाजवावें, लोकांनीं टाळ्या द्याव्या, असें कोणालाहि वाटलें असतें. कोल्ट्रेननें तसें केलें नाहीं. १९६५ च्या जून महिन्यांत त्यानें अकरा वादक एकत्र जमविले. त्यांत कित्येक तरुण व जवळजवळ अज्ञात असे होते. एक लहानसा स्वरसमूह सांगून त्यानें बाकी सर्व त्यांच्यावर सोपविलें. कधीं एकेकट्यानें, तर कधीं सर्वांनीं एकदम, जणू किंकाळ्या फोडीत, सुमारें चाळीस मिनिटें तें वादन चाललें. असेन्शन, म्हणजे आरोहण, हें त्याचें नांव. प्रथम ऐकणारास हा निव्वळ कोलाहल वाटतो. आम्हांसहि हें वादन गोड वाटतें असें म्हणवत नाहीं. परंतु एखाद्या सभेंत शेंकडों माणसें आपापल्या शब्दांनीं एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागलीं म्हणजे जसा ध्वनि उठतो, तसें कांहींसें येथें आहे, हें कांहीं वेळानें कळूं लागतें.

या मार्गाची किंमत त्याला द्यावी लागली. फॅरो सँडर्स हा तरुण सॅक्सोफोन-वादक व राशीद अली हा दुसरा ड्रमवादक ताफ्यांत आल्यावर त्या गजरांत टायनरला स्वतःचा पियानो ऐकूं येईना. वर्षअखेरीस तो सोडून गेला. पाठोपाठ जोन्सहि गेला. १९६६ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्यें कोल्ट्रेननें अल्बर्ट आयलर, त्याचा भाऊ डोनाल्ड व आणखी कांहीं तरुणांना आपल्याबरोबर व्यासपीठावर घेतलें. जाहिरातींत नांव कोल्ट्रेनचें होतें, लोक त्याच्यासाठीं आले होते. तो गोंगाट ऐकून कित्येक उठून गेले. हा आयलर तर बहुतेकांच्या मतें वेडाच होता. तथापि त्याला तबकड्यांच्या कंपनीकडे शिफारस करून काम मिळवून देणारा कोल्ट्रेनच. धाकट्यांकडून शिकण्याची लाज त्याला कधींच वाटली नाहीं.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत तो जपानांत गेला. नागासाकीस पोंचल्यावर प्रथम तो अणुबाँबनें मेलेल्यांच्या स्मारकापाशीं गेला व तेथें त्यानें प्रार्थना केली. यकृताच्या कर्करोगानें त्याची प्रकृति पुढें ढासळत गेली, तरी १९६७ च्या फेब्रुवारींत केवळ राशीद अलीला बरोबर घेऊन, म्हणजे सॅक्सोफोन व ड्रम या दोनच वाद्यांनिशीं, त्यानें एक तबकडी भरविली. ती प्रसिद्ध झाली १९७४ सालीं. १७ जुलै १९६७ रोजीं, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, तो वारला. न्यूयॉर्कमधील सेंट पीटर्स ल्यूथरन चर्चमध्यें अंत्यविधि झाला. त्या वेळीं वादन केलें तें ऑर्नेट कोलमन यानें, आणि ज्याला ऐकून लोक उठून गेले होते त्या आयलरनें.

मागें पत्नी ॲलिस व लहान मुलें राहिलीं. टायनरच्या जागीं पियानोवर हीच ॲलिस बसत असे. एका मुलाचें नांव सतारवादकावरून रवि ठेविलें होतें. वडील गेले तेव्हां तो दोन वर्षांचाहि नव्हता. मोठेपणीं तोहि सॅक्सोफोनच वाजवूं लागला.