संतचरित्रकार महिपतीबुवा ताहराबादकर

महाराष्ट्र ही संतांची भूमी म्हणून ओळखली जाते. पण त्या संतांची चरित्रे खेड्यापाड्यांतील देवळांपर्यंत कोणी पोचविली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तो मान मुख्यतः महिपतीबुवा ताहराबादकर यांचा आहे.

राहुरी तालुक्यातील (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) ताहराबाद गावी १७१५ साली त्यांचा जन्म झाला. वडील दादोपंत हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण असल्याने दप्तर सांभाळण्याचे काम महिपतीबुवांकडे ओघानेच आले. एके दिवशी ते देवपूजेस बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो असे सांगितले तरी तो ऐकेना. बुवा पूजा अर्धी टाकून गेले, काम उरकले आणि घरी येताच लेखणी विठ्ठलापुढे ठेवली. यापुढे ती सरकारी कामासाठी न चालविता संतांची चरित्रे लिहिण्यासाठीच चालवावयाची, असा निश्चय त्यांनी केल्याचे परंपरा सांगते. ज्या लेखणीवर घराचा मान व मिळकत अवलंबून होती, तीच देवास वाहणे सोपे नव्हते.

तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनानंतर सुमारे ६५ वर्षांनी जन्मलेल्या महिपतीबुवांनी त्यांनाच गुरू मानले. तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, अशी त्यांची श्रद्धा होती. १७५७ साली ‘संतलीलामृत’ पूर्ण झाले. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला आणि अनेक घरांतील कर्ती माणसे गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १७६२ साली, ५७ अध्यायांचा ‘भक्तविजय’ सिद्ध झाला. १७७४ साली ‘भक्तलीलामृत’ पूर्ण झाले. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आपल्या आधीच्या चरित्रकारांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. सन-सनावळीच्या दृष्टीने अभ्यासक या ग्रंथांत उणिवा दाखवितात. परंतु ऐकीव आख्यायिकाही जपल्या गेल्या, त्या या सोप्या ओव्यांमुळेच.

या ग्रंथांचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. ‘भक्तविजया’त गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, रोहिदास, जनाबाई, कान्होपात्रा, कबीर, मीराबाई असे सर्व जातिधर्मांचे भक्त एका पंगतीस बसले आहेत. सभामंडपात पोथी ऐकणाऱ्या कष्टकऱ्यास आपल्याच व्यवसायातील संत त्यात भेटे. चोखोबांना पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. पण त्यांची कथा मात्र पोथीबरोबर गावोगावच्या देवळांत शिरली. तरीही प्रत्यक्ष पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले होण्यास, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साल उजाडावे लागले. कथा दोन शतके आधी आत गेली आणि माणसे मागाहून, याचा विचार प्रत्येक भाविकाने करावा.

१७९० साली महिपतीबुवांनी देह ठेवला. पुढे विसाव्या शतकात जस्टिन अ‍ॅबट यांनी त्यांच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे केली आणि मराठी संतांची ओळख परदेशी पोचली.

कुलकर्ण्याचे दप्तर कोठे गेले, हे आज कोणी विचारीत नाही. पोथी मात्र अजून वाचली जाते. मंदिराचा जीर्णोद्धार होताना शिखर व गाभारा यांबरोबरच सभामंडपातील पोथीची बैठकही पुन्हा सुरू व्हावी, आणि तीत सर्वांस जागा असावी, हेच महिपतीबुवांचे उचित स्मरण ठरेल.