रावबहादूर सी. के. बोले : पाण्याचा ठराव मांडणारा माणूस

दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या परभणी, पूर्णा, गंगाखेड, सेलूकडची माणसं दादर स्टेशनवर उतरतात आणि चैत्यभूमीची वाट धरतात. त्याच दादरच्या पश्चिमेला, पोर्तुगीज चर्चवरून प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराकडे जाणारा एक रस्ता आहे. एस. के. बोले मार्ग. लोक त्याला नुसतं बोले रोड म्हणतात. पण हे बोले कोण, असं विचारलं तर आपल्यातले शिकलेले लोकसुद्धा गप्प बसतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी वाटली.

सीताराम केशव बोले यांचा जन्म १८६८ चा. जातीनं भंडारी, राहणार मुंबईचे, चळवळीनं ब्राह्मणेतर. सरकारनं त्यांना रावबहादूर पदवी दिली, पण हा माणूस पदवी मिरवत घरात बसला नाही. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास चौदा-पंधरावर गेले. दिवा आला तो कामगाराच्या घरात नाही, मालकाच्या नफ्यात आला! बोल्यांनी सोबत्यांना घेऊन कामगार हितवर्धक सभा काढली, तास कमी करा म्हणून सरकारकडे अर्ज केले. १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस १२ तासांचा झाला. आम्ही गिरणीवाले पुढं आठ तासांची पाळी करू लागलो, त्याचा पाया अशा माणसांनी घातला.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या कौतुकाची सभा भरली, तिचे अध्यक्ष बोले होते. याच सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं, अशी नोंद धनंजय कीरांच्या आंबेडकर चरित्रात आहे. त्या पुस्तकापासून निघालेली वाट १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोचली. आज आपण ज्या विहारात बसतो, तो त्याच वाटेवर आहे.

बोल्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र ४ ऑगस्ट १९२३ चं. त्या दिवशी मुंबई कायदे कौन्सिलात त्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारनं खात्यांना हुकूम काढले. गावोगावच्या पुढाऱ्यांनी ते दप्तरात बांधून ठेवले. १९२६ ला बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे मानणार नाही तिची ग्रँट बंद करा. ग्रामजोश्याला बोलावलं नाही तरी दक्षिणा द्यावी लागे, तो हक्क मोडणारं जोशी बिलही त्यांचंच.

महाड नगरपालिकेनं बोले ठरावाप्रमाणे १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केलं, म्हणजे कागदावर. तीन वर्षं आपला एक माणूसही तिथं ओंजळ भरू शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांची डोकी फुटली, तळं शेण-गोमूत्रानं शुद्ध केलं गेलं, नगरपालिकेनं आपला ठराव फिरवला, कोर्टकचेरी झाली. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं गेली, आणि तीही सरकारचा हुकूम हातात असताना!

आपल्या परभणीला तर तेवढाही आधार नव्हता. हा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा ठराव इथं लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि २६ जानेवारी १९५० ला संविधान आलं. संविधानाचं १५ वं कलम काढून पाहा. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबद्दल कुणाला अडवता येणार नाही असं त्यात आहे. बोल्यांनी एका इलाख्यासाठी मागितलं ते बाबासाहेबांनी सगळ्या देशासाठी लिहून ठेवलं.

१९६१ ला बोले वारले. ते आपल्या जातीचे नव्हते, तरी वेळेला आपल्या बाजूनं उभे राहिले, हे विसरणं बरं नाही. पण त्यांच्याच ठरावानं एक गोष्ट शिकवली. हक्क कागदावर आणायला एक भला माणूस पुरतो, तो गावच्या पाणवठ्यावर आणायला हजार पाय चालावे लागतात. ग्रामपंचायतीत नळाचा, रस्त्याचा, स्मशानभूमीचा ठराव झाला की आपण फटाके वाजवतो आणि घरी जातो. तसं करू नका. ठरावाची नक्कल मागून घ्या, तारीख लिहून ठेवा आणि काम होईस्तोवर पाठ सोडू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!