औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी व त्यांचा भिंतींवाचूनचा तुरुंग

मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ठाण्याचा तुरुंग ठाऊक आहे. पोर्तुगिजांनी बांधावयास घेतलेल्या किल्ल्यात तो आहे. शत्रूस बाहेर ठेवण्यासाठी उभारलेली भिंत पुढे मनुष्यास आत कोंडण्याच्या कामी आली. तुरुंग म्हटला की भिंत, हे आपल्या मनात इतके मुरले आहे की भिंतीवाचूनचा तुरुंग ही पुष्कळांस थट्टाच वाटेल. तथापि असा तुरुंग महाराष्ट्रातच 1939 साली स्थापन झाला. तो ज्यांच्या राज्यात झाला त्या राजाचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचा जन्म 1868 साली झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले व 1909 साली ते औंधच्या गादीवर आले. राज्य लहान, अवघ्या 72 गावांचे, आणि तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे. राजेसाहेब चित्रे काढीत, कीर्तन करीत, आणि सूर्यनमस्कारांचा त्यांस इतका छंद होता की शाळेतील मुलांनाही ते घालावे लागत. (मुलांस हे किती आवडे, हा प्रश्न निराळा.) 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखान्यासाठी जागा शोधीत असता राजेसाहेबांनी त्यांस कुंडलजवळचा माळ दिला. तेथे वसलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीस नेमले ते पूर्वी शिक्षा भोगून आलेले लोक. पुढे जे घडावयाचे होते त्याचे हे जणू बीज होते.

1939 च्या आरंभी राजेसाहेबांनी आपली सत्ता कायद्याने प्रजेच्या हाती दिली. ह्या घटनेस गांधीजींचा सल्ला होता, आणि ती घडविण्यात राजपुत्र आप्पासाहेब व मॉरिस फ्रीडमन ह्यांचा मोठा हात होता. फ्रीडमन हे पोलंडातील यहुदी घराण्यात जन्मलेले इंजिनियर. ते भारतानंद ह्या नावानेही ओळखले जात. गावोगाव पंचायती निवडल्या गेल्या व न्यायाचे कामही त्यांजकडे आले. कोर्टात जाण्यायेण्यातच ज्याची जमीन गहाण पडली आहे, त्यास ह्याचे मोल सांगावयास नको.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. हा माणदेश, पाऊस थोडा, माळ उघडा. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेले बंदिवान फ्रीडमन ह्यांच्या देखरेखीखाली तेथे ठेवण्यात आले. भिंत नाही, बेडी नाही. त्यांनी शेत करावे, आपल्या बायकामुलांसह राहावे, आणि पळण्यास वाट मोकळी असताही पळू नये, एवढीच अपेक्षा. शिक्षा माफ झाली नव्हती. ती भोगण्याची रीत मात्र पालटली होती.

ह्यातील मर्म आम्हांस कुटुंबात दिसते. कर्ता पुरुष तुरुंगात गेला म्हणजे शिक्षा त्या एकट्यास होत नाही. शेत पडीक राहते, सावकार दारात येतो, आणि ज्या लेकराने काही केले नाही त्यास शाळेत खुन्याचा पोर म्हणून हाक मारतात. कोठडीत बसलेल्या बापास ह्यातले काही सावरता येत नाही. कित्येक वर्षे दुसऱ्याने दिलेली भाकर खाऊन तो घरी परततो, तेव्हा काम करण्याची सवयही गेलेली असते. स्वतंत्रपुरात मात्र त्यास आपल्या हातांनी कमवून मुलांस खाऊ घालावे लागे. हे सोपे आहे असे कोणी समजू नये. पाहरेकरी डोळा ठेवून असता सरळ वागणे निराळे, आणि रात्री उघड्या माळावर कोणी नसता घरातच निजून राहणे निराळे.

कोणी विचारील, की ज्याचा खून झाला त्याच्या विधवेचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि दयेच्या भरात तो विसरणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते. स्वतंत्रपुराने त्याचे पुरते उत्तर दिले असे आम्ही म्हणत नाही. परंतु उंच भिंतीनेही त्या विधवेच्या चुलीवर कधी काही शिजले नाही. जो मनुष्य कमावतो त्याच्याकडून निदान भरपाई मागता येते.

आमच्या उपदेशक बंधूंस हा विषय दूरचा नाही. शिक्षा भोगून परतलेला मनुष्य उपासनेस आला म्हणजे त्याच्या शेजारची जागा किती वेळ रिकामी राहते, हे ते जाणतात.

8 मार्च 1948 रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, पण स्वतंत्रपूर नव्या सरकारने मोडले नाही. राजेसाहेब 13 एप्रिल 1951 रोजी वारले. ह्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम ह्यांनी 1957 साली दो आँखे बारह हाथ हा बोलपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यांचा जन्म आटपाडीच्याच मुलखात शेटफळे गावी झालेला. ती वसाहत आता सांगली जिल्ह्यात असून महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे. बंद तुरुंगात चांगल्या वर्तनाने वर्षे काढलेल्या बंदिवानांतून निवडून तेथे धाडतात, आणि सोय थोड्याच कुटुंबांची होते.