वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या रोगांवरील लसींचे ते जनक मानले जातात. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

सुरुवातीचे जीवन

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी इल्या मेच्निकॉफ यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. धर्मांतरास नकार दिल्याने त्यांना अध्यापकपद मिळू शकले नाही. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला व पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै, १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

प्लेगची लस

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांत प्लेगचे जंतू वाढवले जात आणि नंतर उष्णतेने मारले जात. १० जानेवारी, १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले.

घरझडती व सक्तीच्या विलगीकरणामुळे त्या काळी सरकारी उपायांविषयी लोकांत रोष होता. अशा वेळी तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी जागा दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवण्यात आली.

मुल्कोवाल दुर्घटना

३० ऑक्टोबर, १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशी आयोगाने परळच्या प्रयोगशाळेस दोषी ठरवले आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. मात्र बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त होऊन भारतात परतले.

उत्तरायुष्य आणि वारसा

परतल्यावर त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. मुंबईतील प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

लस शुद्ध असली तरी बाटली उघडल्यानंतर ती दूषित होऊ शकते, हा मुल्कोवालचा धडा आजही लागू आहे. गोवर-रुबेला लस हाफकिन यांच्या लसीप्रमाणे मृत जंतूंची नसून दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची असते. द्रावणात मिसळल्यानंतर ती भारतात चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली लस टाकून दिली जाते.