डॉर्सेट स्ट्रीटवरचे अर्धवट यंत्र

लंडनच्या डॉर्सेट स्ट्रीटवर चार्ल्स बॅबेजच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या बैठकीचे निमंत्रण मिळणे हे १८३० च्या दशकात प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. चार्ल्स डार्विन, चार्ल्स डिकन्स, ड्यूक ऑफ वेलिंग्टन अशी मंडळी तेथे हजेरी लावत. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी यजमानाने दोन यंत्रे मांडलेली असत. एक होती चांदीची नर्तकी. किल्ली दिली की ती हातावरच्या पक्ष्यासह डौलात हालचाली करी. शेजारच्या खोलीत पितळी चाकांचे एक गणितयंत्र उभे होते, आणि तेही अपुरे.

नर्तकीची कथा मोठी रंजक आहे. बॅबेज लहान असताना आईने त्याला मर्लिन नावाच्या कारागिराचे यांत्रिक बाहुल्यांचे प्रदर्शन दाखवायला नेले होते. मुलाचे कुतूहल पाहून मर्लिनने त्याला पोटमाळ्यावर नेऊन ही नर्तकी दाखवली. पुढे १८३४ मध्ये तीच बाहुली मोडक्या अवस्थेत लिलावात आली, तेव्हा बॅबेजने ३५ पौंड मोजून ती विकत घेतली आणि तिचे सुटे भाग जुळवून तिला पुन्हा नाचती केली. जुने संगणक भंगारातून उचलून आणून चालू करणाऱ्या आजच्या शौकिनांना हा माणूस आपलाच वाटावा, असे हे वेड होते. घरी येणारे इंग्रज पाहुणे मात्र नर्तकीभोवती गर्दी करीत आणि गणितयंत्राजवळ दिसत ते परदेशी पाहुणे, याचे शल्य त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ चा. वडील सधन बँकर. केंब्रिजमध्ये शिकताना जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांसह त्याने १८१२ मध्ये अ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. मागे पडलेल्या इंग्रजी गणितात युरोपातील नव्या पद्धती आणणे हा तिचा उद्देश होता. वयाच्या पंचविशीतच तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

त्या काळी नौकानयन, खगोलशास्त्र, विमा या साऱ्यांचा व्यवहार छापील कोष्टकांवर चाले. ती माणसे हाताने तयार करीत. गणित करताना, नक्कल करताना, खिळे जुळवताना अशा प्रत्येक टप्प्यावर चुका शिरत. १८२१ मध्ये हर्शेलबरोबर खगोलीय कोष्टके तपासताना चुकांमागून चुका सापडू लागल्या आणि हे काम वाफेच्या यंत्राने व्हायला हवे, असा विचार बॅबेजच्या मनात आला.

कल्पना साधी होती. १, ४, ९, १६ या वर्गसंख्या घ्या. त्यांच्यातील फरक ३, ५, ७ येतात आणि या फरकांतील फरक नेहमी २ येतो. म्हणजे पुढचा वर्ग काढायला गुणाकार नको, नुसती बेरीज पुरते. बेरीज दातेरी चाकांना करता येते. फरकांवर चालणारे म्हणून या यंत्राचे नाव डिफरन्स इंजिन. उत्तर यंत्रानेच छापायचे, म्हणजे नकलेतील चुकीलाही वाव राहणार नाही.

१८२३ मध्ये सरकारने पैसा दिला आणि जोसेफ क्लेमंट या निष्णात कारागिराकडे काम सोपवले गेले. यंत्राला सुमारे २५ हजार सुटे भाग लागणार होते. एकासारखा एक भाग यंत्रावर काढण्याचे तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्यातच १८२७ साली बॅबेजवर आकाश कोसळले. वडील, मुलगा आणि पत्नी जॉर्जियाना असे तिघे त्याच वर्षी गेले. खचलेला बॅबेज युरोपच्या प्रवासाला निघून गेला.

१८३२ मध्ये यंत्राचा साधारण सातवा भाग जोडून झाला. दिवाणखान्याशेजारी उभा होता तो हाच. तो अचूक चाले. १८३३ च्या जूनमध्ये आईसोबत आलेल्या १७ वर्षांच्या एडाने, म्हणजे पुढच्या एडा लव्हलेसने, तो पाहिला आणि ती यंत्राच्या प्रेमातच पडली. त्याच वर्षी कार्यशाळा हलवण्याच्या भरपाईवरून क्लेमंटशी बिनसले आणि काम थांबले ते कायमचे. सरकारचे १७ हजारांहून अधिक पौंड खर्ची पडले होते. त्या काळी वाफेचे रेल्वे इंजिन ८०० पौंडांच्या आसपास मिळे, हे लक्षात घेतले म्हणजे मंत्र्यांची चिडचिड समजू शकते.

बॅबेजने मात्र त्यांना आणखी कोड्यात टाकले. १८३४ पासून तो नव्या यंत्रात गुंतला होता. त्या अ‍ॅनालिटिकल इंजिनात संख्या साठवण्यासाठी कोठार आणि गणिते करण्यासाठी गिरणी अशी विभागणी होती. फ्रान्समधील जॅकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेल्या कार्डांनी कापडावरची नक्षी ठरे. तशाच कार्डांनी या यंत्राला आज्ञा द्यायच्या होत्या. संगणकाची मूळ रचना येथे कागदावर उतरली होती. एडाने १८४३ मध्ये या यंत्रावरील लेखाचा अनुवाद करून त्याला विस्तृत टिपा जोडल्या. पहिले यंत्रच अपुरे ठेवून दुसऱ्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला सरकारने आणखी पैसा का द्यावा? राजखगोलवेत्ता एअरी याने यंत्र निरुपयोगी ठरवले आणि १८४२ मध्ये पंतप्रधान पील यांनी प्रकल्प गुंडाळला. त्यानंतर पीलना भेटायला गेलेल्या बॅबेजने आपली गाऱ्हाणी मांडत वादच घातला. मुत्सद्देगिरी त्याच्या स्वभावात नव्हती.

१८४७ ते १८४९ या काळात त्याने डिफरन्स इंजिन क्रमांक दोनचे सुटसुटीत आराखडे तयार केले. भाग अवघे आठ हजार. सरकारने तेही नाकारले. उतारवयात तो रस्त्यावर वाद्ये वाजवणाऱ्यांशी भांडत राहिला. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी त्याचे निधन झाले. हिंदुस्थानात बंगालच्या फौजेत नोकरी केलेला त्याचा मुलगा हेन्री याने पुढे उरलेल्या भागांतून यंत्राचे काही छोटे नमुने जोडले.

बॅबेज अव्यवहार्य होता की त्याचा काळच अपुरा पडला, हा वाद शंभर वर्षे चालला. तो सोडवण्याचा मार्ग एकच होता : यंत्र बांधून पाहणे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये डोरॉन स्वेड यांच्या पुढाकाराने क्रमांक दोनचे आराखडे हाती घेण्यात आले. भाग आधुनिक यंत्रांवर काढले, पण क्लेमंटच्या कारागिरांना साधली होती त्याहून अधिक अचूकता मुद्दामच घेतली नाही. आराखड्यात काही चुका निघाल्या, पण त्या दुरुस्त होण्यासारख्या होत्या. १९९१ मध्ये, बॅबेजच्या जन्माच्या द्विशताब्दीला, यंत्राने ३१ अंकी उत्तरे बिनचूक दिली. छपाईचा भाग २००२ मध्ये पूर्ण झाला.

त्याचे जुळे भावंड २००८ ते २०१६ या काळात कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये होते. जुन्या संगणकांच्या शौकिनांचे मेळावे भरणारी ही जागा. तेथे स्वयंसेवक दांडा फिरवीत, पितळी चाकांच्या स्तंभांवरून हातच्यांची लाट वळसे घेत सरके आणि पाहुणे यंत्राभोवती गर्दी करून उभे राहत.